मागची गाडी शेवटच्याची

येलदरी माझं गाव, असं मी कुठेही सांगतो. कागदोपत्री ते तसं नाही. वडील पॉवर हाउसला होते, म्हणून आमचं बिऱ्हाड येलदरी कॅम्पात. पूर्णेवरचं हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं आणि पायथ्याला साडेसात मेगावॉटचे तीन संच बसले. पावसाळ्यात दरवाजे सोडले की सगळा कॅम्प पाणी बघायला पळायचा. जिंतूरपासून धरणापर्यंतचा पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता मी एसटीने, सायकलने, मोटारसायकलने इतक्यांदा केलाय की त्याची वळणं मला डोळे मिटून सांगता येतील. हे आधीच सांगतो, कारण जे घडलं ते रस्ता माहीत नसल्यामुळे घडलं नाही. रस्ता फार माहीत होता म्हणून घडलं.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीची गोष्ट. आमच्या सायकल ग्रुपने मराठवाड्यातली तीन ज्योतिर्लिंगं एका फेरीत करायचं ठरवलं. वेरूळच्या घृष्णेश्वरापासून निघायचं, पहिला मुक्काम जालन्याला, दुसरा येलदरीला, तिसरा औंढा नागनाथला, आणि परभणी-गंगाखेडवरून परळी वैजनाथला फेरी संपवायची. जिंतूरहून औंढ्याला सरळ रस्ता आहे, तो जवळचाही पडतो. येलदरीवरून जायचा आग्रह माझा. एक तर धरण दाखवायचं होतं. दुसरं म्हणजे येलदरी ओलांडून सेनगावच्या अंगाने गेलं की नरसी नामदेव वाटेत येतं. संत नामदेवांच्या जन्मगावाला वळसा घालून औंढ्याला जाणं मला बरं वाटत नव्हतं. सगळ्यांनी ते मान्य केलं.

सायकलवर बावीस जण होते, गाड्या दोन. एक पिकअप, त्यात सामान, शेगड्या, पातेली, आचारी, त्याचा मदतनीस आणि ड्रायव्हर. दुसरी जीप, ती मी चालवायची आणि सोबत सायकल दुरुस्त करणारा एक पोरगा. माझा गुडघा गेल्यापासून मी सायकल सोडली होती, म्हणून मागची बाजू सांभाळायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. पहिल्या बैठकीतच ठरलं होतं की पिकअप पुढे जाईल आणि जीप शेवटच्या सायकलच्या मागे राहील. पहिल्या दिवशी मी ते अक्षरशः पाळलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याहून साडेपाचला निघालो. अंतर एकशेवीसच्या आसपास. मंठ्याला जेवण झालं, ऊन उतरेपर्यंत विश्रांती झाली. मंठा सोडलं तसं माझं मन येलदरीला जाऊन पोचलं. धरणावर मासे तळून मिळतात. ते सगळ्यांना गरम-गरम मिळावेत आणि सूर्य पाण्यावर टेकायच्या आत सगळे भिंतीजवळ असावेत, एवढंच डोक्यात होतं. जिंतूरला साडेचारच्या पुढे चौकात सात-आठ सायकली उभ्या दिसल्या. मी काच खाली करून विचारलं, "सगळे आले का?" कोणीतरी म्हणालं, "हो दादा, आले सगळे." मी गाडी काढली आणि येलदरीचा रस्ता धरला.

ज्याने उत्तर दिलं तो खोटं बोलला नाही. त्याची सहा जणांची टोळी होती, सकाळपासून एकत्र चालवत होती. त्याच्या लेखी 'सगळे' म्हणजे ते सहा. माझ्या लेखी 'सगळे' म्हणजे बावीस. मधे सोळा माणसांचा फरक पडला आणि तो त्या एका शब्दाच्या पोटात दिसेनासा झाला. त्या दिवसापासून मी हा शब्द आमच्या फेऱ्यांत बंद केलाय. विचारायचं तर "किती आले?" असं विचारायचं आणि उत्तर आकड्यात घ्यायचं. उत्तर "बहुतेक वीस" असं आलं तर गाडीतून उतरून आपण स्वतः मोजायचं. एसटीचा कंडक्टर डबल बेल मारायच्या आधी डोकी मोजतो. त्याला प्रवाशांवर अविश्वास नसतो, पण पन्नास जणांची जबाबदारी कोणाच्या तोंडी शब्दावर सोडायची नसते हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

येलदरीला सगळं मनासारखं झालं. सूर्य मावळताना मंडळी भिंतीकडे तोंड करून उभी होती, फोटो काढत होती, मी त्यांना पोरपणीच्या गोष्टी सांगत होतो. सातच्या सुमाराला आचाऱ्याने मला हाक मारली. तो म्हणाला, "साहेब, ताटं बावीस मांडली. दोन उरलीत."

बावीसातले दोघं नव्हते. एक आमचे काका, अठ्ठावन्न वर्षांचे, नुकतेच नोकरीतून मोकळे झालेले. दुसरी अभियांत्रिकीला शिकणारी एक मुलगी. काका मागे पडतात म्हणून ती आपणहून त्यांच्यासोबत चालवत होती. एकाचा फोन बंद, दुसरीचा लागत नव्हता. मी जीप काढली आणि अंधारात जिंतूरकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही कडांना टॉर्च मारत, नालीत काही दिसतंय का बघत. तो रस्ता मला पाठ आहे असं वर म्हटलं, त्या रात्री मात्र त्यातलं एक वळण ओळखू आलं नाही.

जिंतूर जवळ आलं तेव्हा पुण्याहून मुलीच्या वडिलांचा फोन आला. माणसं माझ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर होती आणि त्यांचा ठावठिकाणा मला पुण्याहून कळत होता. आमचा कोणाचाच नंबर तिला पाठ नव्हता, घरचा तेवढा पाठ होता, तोही लहानपणी शाळेच्या डायरीत लिहायचा म्हणून.

झालं होतं असं. जिंतूरच्या अलीकडे काकांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. पंप, ट्यूब आणि ती बदलणारा पोरगा, तिघंही माझ्या जीपमध्ये येलदरीला. मुलीने धडपडून पंक्चरच्या दुकानापर्यंत सायकल ढकलत नेली. दुकानदार भला माणूस होता, पण काकांच्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसेना. शेवटी त्याने हातपंपाने कशीबशी अर्धी हवा भरून दिली. या सगळ्यात तास गेला. जिंतूरला पोचले तेव्हा चौकात आमचं कोणी नव्हतं. आदल्या रात्री वाटलेल्या कागदावर पुढच्या दिवसाचं नाव औंढा होतं, समोर औंढ्याची पाटी होती, ते त्या रस्त्याला लागले. नऊ-दहा किलोमीटर गेल्यावर काका सायकलवरून उतरले आणि बांधावर बसले. त्यांना दोनदा उलटी झाली. मग ते मुलीला विचारू लागले, "आपण बँकेत कधी पोचणार?"

शेतातून मोटारसायकलवर परतणाऱ्या एका शेतकऱ्याने ते पाहिलं. त्याने काकांना आखाड्यावर नेलं, बाजेवर निजवलं, १०८ ला फोन लावला आणि मुलीच्या हातात आपला मोबाइल दिला. पुण्याच्या वडिलांशी तोच बोलला होता. "पोरगी ठीक हाय, रडायलीय जरा. पर ह्ये काका येड्यावाणी बोलायलेत, तुमी लवकर कुणाला तरी धाडा." ते वाक्य वडिलांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. रात्री परभणीच्या दवाखान्याबाहेर मी ते मनात किती वेळा ऐकलं, सांगता येत नाही.

काका तिसऱ्या दिवशी घरी गेले, धडधाकट. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून दिवसभरात त्यांनी काय खाल्लं-प्यायलं ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, पाणी भरपूर दिलं, प्रत्येक थांब्यावर बाटली भरून दिली. ते म्हणाले, "तेच झालं. यांना पाणी कमी पडलं नाही, मीठ कमी पडलं." दिवसभर घामावाटे सोडियम जात राहिलं आणि वरून साधं पाणी पडत राहिलं. रक्तातलं सोडियम पातळ होत गेलं. मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि फार खाली गेलं तर आकडी येते, जीवही जातो. हे सगळं मी पाजलेल्या पाण्याने झालं. क्षारसंजीवनीच्या पुड्यांचा खोका आमच्याकडे होता. तो पिकअपमध्ये पातेल्यांखाली होता आणि पिकअप दुपारपासून येलदरीला होती.

म्हणून पाण्याविषयी थोडं सविस्तर सांगतो. मागची बाजू सांभाळणाऱ्या माणसाला हे डॉक्टरइतकं नसलं तरी नर्सइतकं कळलं पाहिजे. क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी एका ग्लासात ढवळून देणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, मीठ जास्त होऊन उलटा त्रास होतो. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. दुकानात ओआरएस याच नावाने मिळणारी गोड पेयं बरीच वर्षं खपली. अखेर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंची कित्येक वर्षांची झुंज होती. पुड्या संपल्या तर घरचा उपाय आहे: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाइन संपल्यावर साखर-मिठाचं पाणी पिंपातून पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. ज्या गोष्टीने छावणी वाचली, ती आमच्या गाडीत खोक्यात बंद होती.

उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी बहुतेकांना पुरतं. तहान लागेल तसं प्यावं, कोणाला बळे पाजू नये. एक बाटली साधी, एक मिठाची, असं आलटून-पालटून. मंठ्यापासून पुढे प्रत्येक थांब्यावर खारे शेंगदाणे, गूळ, लिंबाचं लोणचं, मीठ लावलेली काकडी ठेवायची, हे आता आमच्याकडे ठरलेलं आहे. कोणाची अंगठी घट्ट झाली, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, बोटं सुजली आणि सोबत मळमळ असेल तर त्याला आणखी साधं पाणी देऊ नका. उलट, तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद असेल तर पाणी खरंच कमी पडलंय. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस बरळतोय, तर तो उष्माघात समजून सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. आणि कारण कोणतंही असो, बोलण्यात ताळमेळ राहिला नाही तर तिथे आपला दवाखाना चालवायचा नाही. तोंडात काही घालायचं नाही, १०८ लावायचा. "जरा पडू दे, बरं वाटेल" हे वाक्य मी स्वतः पूर्वी कितीदा बोललोय.

कसं ओळखायचं हाही प्रश्न असतोच, कारण सायकलवाला कधीच कबूल करत नाही. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला शंभरातून नव्व्याण्णव वेळा "मस्त" हेच उत्तर येतं. आता मी दुसरे प्रश्न विचारतो. मागच्या गावाचं नाव काय होतं? शेवटची लघवी कधी केलीस? काय खाल्लंस? पहिल्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला मी सायकलवरून उतरवतो. त्याचा राग मला चालतो.

आता गाडीच्या जागेविषयी. मागची गाडी शेवटच्या माणसाची असते. ती ग्रुप लीडरची नाही, फोटोग्राफरची नाही, ज्याला गार कोल्ड्रिंक आणून हवंय त्याचीही नाही. पुढच्यांना काही लागलं तर त्यांनी थांबायचं, गाडी त्यांच्यापर्यंत आपोआप येईल. मात्र मागे राहायचं म्हणजे शेवटच्याच्या चाकाला बंपर लावून ताशी पंधराच्या वेगाने रांगायचं असं नाही. ही चूकही मी पाहिलीय. मंठा-जिंतूर असो की परभणी-गंगाखेड, हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, मागे दिवा नसतो, ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांना समोरचं दिसत नाही. अशात रांगणारी जीप म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंत. दिवसा आम्ही उड्या मारत जातो. रस्ता सोडून कच्च्यावर गाडी उभी करायची, शेवटचा पुढे जाऊ द्यायचा, दोन-तीन किलोमीटर गेला की निघायचं, त्याला गाठून थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबायचं, पण नजरेच्या टप्प्यापलीकडे नाही. अंधार पडला की हिशोब उलटा. तेव्हा गाडी शेवटच्याच्या थेट मागे, त्याला दिव्यांच्या उजेडात घेऊन, इंडिकेटर चालू ठेवून.

अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' होते, तिच्यात रात्रीसाठी हाच नियम आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये तिथे दोघांच्या संघात उतरले आणि नऊ दिवसांच्या आत शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आपण 'एकट्याने' म्हणतो खरं, पण त्या एकट्यामागे गाड्या असतात, दिवसरात्र पाळ्यांनी काम करणारी माणसं असतात. कोणी गाडी चालवतो, कोणी रस्ता वाचून दाखवतो, कोणी दर तासाला पोटात किती गेलं ते वहीत लिहितो. सायकलवाला झोपेने अर्धा भ्रमात असतो, त्याचं डोकं त्या गाडीत बसलेलं असतं. अशी वही आमच्याकडे त्या फेब्रुवारीत असती तर मंठ्यालाच काकांच्या नावापुढे दिसलं असतं: पाच बाटल्या पाणी, मीठ शून्य.

उलटी बाजूही सांगायला हवी. बीआरएम करणारे सायकलस्वार, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करणारे, त्यांच्या नियमांत ठरलेल्या चेकपॉइंटखेरीज बाहेरची मदत घ्यायला मनाई आहे. आपलं पंक्चर आपण काढायचं, आपलं अन्न आपण शोधायचं. त्यांच्यातले काही जण आमच्या ग्रुपमध्ये येतात आणि मागच्या गाडीकडे किंचित तुच्छतेने बघतात. त्यांचा बाणा मला आवडतो. पण बावीस जणांच्या फेरीत तसे चारच असतात. बाकीचे अठरा जण मागे गाडी आहे या भरवशावर घरून निघालेले असतात, त्यांच्या घरच्यांनी त्याच भरवशावर पाठवलेलं असतं. त्या चौघांच्या तालावर फेरी आखली की अठरांपैकी कोणीतरी बांधावर बसतं.

मागे गाडी असणं हे कमीपणाचं वाटणाऱ्यांना मी बाबा आमट्यांची आठवण करून देतो. १९८५ च्या डिसेंबरात शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने भारत जोडो म्हणत निघाले. मणक्याच्या आजाराने बाबांना बसणंही अशक्य होतं, ते सोबतच्या गाडीत आडवे पडून होते. पाच हजारांवर किलोमीटर ती गाडी सायकलींसोबत राहिली. त्या यात्रेतली गाडी दुय्यम होती असं कोणी म्हणेल का?

आपल्याकडे हे सगळं शिकायला दूर जावं लागत नाही. आषाढीच्या पालखीत दिंडीचा ट्रक आणि पाण्याचा टँकर पुढे जातो, चुली पेटतात, राहुट्या उभ्या राहतात, पण म्हणून दिंडी बेवारशी होत नाही. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथापुढे की रथामागे ते ठरलेलं, त्यामुळे चुकलेला वारकरी नुसता क्रमांक सांगून आपल्या माणसांपर्यंत पोचतो. माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, मग ती शांत होते. हरवल्या-सापडल्याचा पुकारा तिथेच होतो. ही रीत मी सरळ उचलली. रोज मुक्कामावर जेवणाआधी दहा मिनिटं सगळे गोल बसतात, आकडा मोजला जातो, आणि ज्याला काही म्हणायचंय तो चमच्याने ताट वाजवतो. पहिल्या वर्षी पोरींनी ताटं वाजवली ती शौचालयासाठी. ठरवलेल्या थांब्यांवर त्यांना जागा नव्हती, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. ही गोष्ट मला फेरीला दोन दिवस होईपर्यंत कळली नव्हती. आता थांबे पेट्रोल पंपावर नाही तर शाळेवर असतात आणि आदल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन दारं उघडून बघतो.

तसाच ओळखीचा कागद. प्रत्येकाच्या हँडलला प्लॅस्टिकमध्ये एक चिठ्ठी बांधलेली असते: नाव, रक्तगट, चालू औषधं, आजच्या मुक्कामाचं गाव, आणि दोन्ही गाड्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत. कुलूप लावलेला फोन अनोळखी माणसाच्या काही कामाचा नाही, चिठ्ठी आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे की नाही हे दवाखान्यात आम्हाला काकांच्या घरी फोन करून विचारावं लागलं होतं. आणि रोजच्या कागदावर त्या दिवशीचाच रस्ता, उद्याच्या गावाचं नावसुद्धा नाही. जिथे रस्ता फुटतो तिथे शेवटचा माणूस जाईपर्यंत कोणीतरी उभं असतं.

अवजारांबद्दल थोडक्यात. ज्या सायकली आहेत त्यांच्या मापाच्या ट्यूब घरूनच न्या. जिंतूर-सेनगावकडे सव्वीस-अठ्ठावीसच्या साध्या ट्यूब मिळतील, सातशेच्या अरुंद टायरची मिळेलच असं नाही. बारीक व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी वीस-तीस रुपयांना येते, ती प्रत्येकाच्या पाऊचमध्ये एक ठेवा. ती असती तर जिंतूरच्या अलीकडच्या त्या भल्या दुकानदाराने दोन मिनिटांत हवा भरली असती. चेनचे जोड, डिरेलरचा हँगर, स्पोकची चावी, ब्रेकचे रबर. चुकून अवकाळी पाऊस झालाच तर आपली काळी माती चाक आणि फ्रेमच्या मधे थापली जाते आणि सायकल जागची हलत नाही. त्यासाठी एक चपटी काठी गाडीत असावी. आणि दुरुस्तीचं सामान, औषधं, पुड्या हे सगळं मागच्या गाडीत. पुढच्या गाडीत फक्त ज्याच्यावाचून माणूस मरत नाही ते.

मागच्या माणसांची झोप हा विषय कोणी काढत नाही. सायकलवाले नऊला झोपतात. आचारी भांडी आवरून बाराला आडवा होतो आणि पोह्यांसाठी तीनला उठतो. ड्रायव्हर मालवाहू गाडीतच अंग टाकतो. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे जड होतात आणि त्याच्या पुढे बावीस सायकली असतात. आम्ही आता सकाळचा नाश्ता आदल्या रात्रीच बांधून ठेवतो, दशम्या, चटणी, अर्धापूरची केळी. गरम पहिल्या थांब्यावर आठ वाजता. दर दिवशी एक सायकलवाला पाळीने गाडीत बसतो आणि ड्रायव्हरला दुपारी दोन तास झोप मिळते. कोणी कुरकुरलं तर मी त्याला आदल्या रात्रीची आचाऱ्याची वेळ सांगतो. आणि तो आचारी कधी विसरू नये. आम्ही सगळे शिकलेले, हातात घड्याळं आणि मोबाइल असलेले लोक सूर्यास्त बघत होतो, दोन माणसं नाहीत हे ताटं मांडणाऱ्याच्या लक्षात आलं.

दोन वर्षांनी त्याच रस्त्याने पुन्हा फेरी काढली. काकांनी नाव दिलं तेव्हा त्यांच्या घरी जाऊन मी परवानगी मागितली. काकू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मागे असाल ना?" मी हो म्हटलं.

जिंतूरला या वेळी चौकात गाडी लावून मी खाली उतरलो. येलदरीच्या फाट्याशी उभा राहून एकेक मोजत होतो. पहिली टोळी सवाचारला गेली. अठरावा पाच वाजता. कोणीतरी पुढून फोन केला, "दादा, मासे तळायला घेतलेत, सूर्य खाली यायलाय, या ना." मी म्हटलं, तुम्ही बघा. एकोणीस, वीस. साडेपाच वाजून गेले, ऊन पिवळं झालं, उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागून एकवीस. सहाला दहा मिनिटं कमी असताना मंठ्याच्या बाजूने ओळखीची निळी टोपी दिसली. काका थांबले, एक पाय टेकला. मी मागच्या गावाचं नाव विचारलं, त्यांनी बरोबर सांगितलं. मिठाची अर्धी बाटली प्यायले, येलदरीच्या रस्त्याला वळले. मी वहीत बावीस लिहिलं आणि गाडी सुरू केली.